राधा, कृष्ण आणि प्रभातचे फाटक

आजचा धागा लांब आहे. सवडीने वाचा, घाईत असाल तर जतन करून ठेवा.

चांद्याहून विद्यापीठात येणारी माझी वाट नांदे, सूस, पाषाण अशी येते आणि पुढे काम असले की सेनापती बापट रस्त्याने लॉ कॉलेज रस्त्याला लागते. आम्हा मुळशीकरांना बापटांचे नाव ऐकले की १९२१ चा धरणाविरुद्धचा सत्याग्रह आठवतो. आजची गोष्ट मात्र त्या रस्त्याच्या पलीकडच्या एका आवाराची आहे. तिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याआधी तिथे प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. १९३९ साली त्या स्टुडिओच्या फाटकाच्या आत एक नट आणि फाटकाशी एक नटी अशी दोन माणसे होती. सात वर्षांपूर्वी अवघ्या महाराष्ट्राने त्यांना कृष्ण आणि राधा म्हणून पाहिले होते.

कोवळ्या वयात ज्याला लोक डोक्यावर घेतात, त्याचे पुढे काय होते? गोड चेहरा आणि गोड गळा यांमुळे मिळालेले प्रेम वयाबरोबर ओसरते. त्यानंतरही ज्याला ‘अभिनेता’ म्हणून मान मिळतो, तो त्याला कोण देते? आपण हा प्रश्न आजच्या नटनट्यांविषयी विचारतो, पण मराठी बोलपटाच्या पहिल्याच वर्षी तो जन्माला आला होता. तेव्हा थेट १९३२ सालात जाऊ.

‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये मुंबईत झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि चित्रपट मराठी बोलू लागला. आज आपल्याला ही केवळ तांत्रिक प्रगती वाटते. त्या काळच्या नटांसाठी ती सत्तापालट होती. मूकपटातला नायक घोड्यावर बसत असे, तलवार चालवत असे, गच्चीवरून उडी घेत असे. बोलपटाला गळा हवा होता. पार्श्वगायन अजून यायचे होते, ते १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणले. तोपर्यंत जो पडद्यावर दिसे त्यालाच कॅमेऱ्यासमोर, ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात उभे राहून गावे लागे. मूकपटांचे कितीतरी राजे या एका अटीपायी गादीवरून उतरले आणि ज्यांचे नावही कोणी ऐकले नव्हते अशा गाणाऱ्या मुलामुलींसाठी दार उघडले.

त्या दारातून पुण्यात दोघे आत आले. दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्यामसुंदर’ काढला. (१९१२ चा ‘श्री पुंडलिक’ काढणारे तोरणे ते हेच.) त्यात कृष्ण झाला शाहू मोडक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती कुटुंबात २५ एप्रिल १९१८ रोजी त्याचा जन्म झाला होता. राधा झाली शांता आपटे. तिचाही हा पहिलाच चित्रपट. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला आणि रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली.

पंचवीस आठवडे म्हणजे जवळपास सहा महिने. तीच माणसे पुन्हा पुन्हा येत असल्याखेरीज एका चित्रपटगृहात असे घडत नाही. लोक गोष्ट पाहायला येत नव्हते, गोष्ट तर घरोघरी ठाऊक होती. ते त्या दोन मुलांना पाहायला आणि ऐकायला येत होते. ‘किशोरवयीन तारा’ ही कल्पना अमेरिकेत डिअ‍ॅना डर्बिन, ज्युडी गार्लंड, मिकी रूनी यांच्यामुळे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली असे आपण वाचतो. आपल्याकडे ती थोडी आधीच आली होती, फक्त मोरपीस लावून आली होती. त्यामुळे प्रेक्षकाच्या कौतुकात भक्ती मिसळली. कौतुक विरते, भक्तीतून सुटका मिळणे फार अवघड. ही गोष्ट लक्षात ठेवा, शाहू मोडकांच्या बाबतीत ती पुढे कामाला येईल.

यशस्वी मुलाचे काय करायचे, याचे धंद्याला ठाऊक असलेले उत्तर एकच: तोच मुलगा आणखी द्यायचा. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, तोरण्यांनी ‘आवारा शहजादा’ काढला. मराठीत तो ‘औट घटकेचा राजा’ झाला. मार्क ट्वेनच्या राजपुत्र-भिकारी कथेच्या धर्तीवर शाहू त्यात एकाच वेळी राजपुत्रही होता आणि रस्त्यावरचा पोरही. भारतीय बोलपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. एका तिकिटात दोन शाहू!

या चित्रपटाचा दिग्दर्शक होता मास्टर विठ्ठल, मूकपटांचा अनभिषिक्त राजा आणि ‘आलम आरा’चा नायक. बोलपट येताच ज्याचे सिंहासन डळमळले, तोच आता बोलपटाच्या नव्या मुलाला दोनदा पडद्यावर आणत होता. ‘आलम आरा’साठी जुना स्टुडिओ सोडल्यावर विठ्ठलवर करारभंगाचा दावा झाला आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आढळते. जिनांचे नाव ऐकून आपण चमकतो आणि पुढे जातो. आजच्या विषयासाठी मला त्यातला ‘करार’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचा नट बोलायला लागला तेव्हाच त्याच्या सहीचा कागदही न्यायालयात बोलू लागला होता.

आता शांता आपटे.

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. पुण्यातला तिचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे व्ही. शांतारामांचा ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यात शांता आपटे नायिका नव्हती, नायकाची बहीण होती. तरीही लोकांच्या ओठांवर तिची गाणी राहिली. याचे श्रेय अर्थातच संगीतकार केशवराव भोळे यांनाही आहे. मैफलीतली विस्तारपूर्वक गायकी बाजूला ठेवून शब्दाचा भाव पोचवणारे आटोपशीर गाणे त्यांना हवे होते. शांता आपटे ते गात तर होतीच, पण गाताना तिचे हात, मान, डोळे सगळे बोलत. ध्वनिक्षेपकाच्या धाकाने त्या काळचे गायक नट खांबासारखे उभे राहून गात. त्या चित्रफिती आज पाहिल्या तर हसू येते. हिचे गाणे पाहिले की हसू थांबते.

मात्र इथवर ती ‘गोड गळ्याची, चुणचुणीत पोर’ होती. मराठी वृत्तपत्री भाषेत ‘चुणचुणीत’ हे विशेषण प्रेमळ दिसते, प्रत्यक्षात ते वयाची मर्यादा घालते. मोठ्या बाईला कोणी चुणचुणीत म्हणत नाही.

ती मर्यादा ‘कुंकू’ने ओलांडली. साल १९३७, हिंदीत ‘दुनिया न माने’. कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. अनाथ नीराचे लग्न फसवणुकीने वृद्ध विधुर वकील काकासाहेबांशी लावले जाते. ती सासरी येते, पण हे लग्न मानायला ठाम नकार देते. संपूर्ण चित्रपट म्हणजे हा नकार.

नीराचे वेगळेपण कळण्यासाठी अडतीस वर्षे मागे जायला हवे. १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. विषय हाच, म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी. त्या नाटकाने महाराष्ट्र रडवला आणि विचारात पाडला. पण रंगमंचावरची शारदा पुरुष नट साकारत असत आणि तिची सुटका इतरांच्या हातात होती. पुढे १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. म्हणजे नाटकाने करुणा दिली, कायद्याने आकडा दिला. ‘कुंकू’त प्रथमच त्या मुलीचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि तो खऱ्या तरुण स्त्रीचा आवाज आहे.

आवाज हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. घरात, रस्त्यावर जे वाजू शकते तेवढेच ऐकू येते: घड्याळ, फोनोग्राफ, भांडी, माणसांची चाहूल. आज हा प्रयोग धाडसी वाटतो, तेव्हा तो किती धाडसी असेल! त्याचा अभिनयाशी थेट संबंध आहे. व्हायोलिनच्या आधाराने कोणाचेही दुःख दुःखासारखे दिसू शकते. इथे आधार काढून घेतला होता. नीरा गप्प बसते तेव्हा पडदाही गप्प बसतो आणि त्या शांततेला उरतो फक्त शांता आपटेचा चेहरा. ज्या मुलीचे सगळे भांडवल गळा होता, तिला न गाण्याच्या जागा देऊन तपासले गेले, आणि ती त्या जागा भरून काढते.

गाणी आहेतच. लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही ती गाते, आणि ते ऐकताना पुणेरी प्रेक्षक काय म्हणाला असेल याची कल्पना करून मला अजूनही मजा वाटते. पण माझ्या मनात राहतो तो तिचा राग. सावत्र मुलगा वाईट नजरेने जवळ येतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. रागावलेल्या तरुण बाईला आपला पडदा तोवर चंडिकेचे रूप देत असे, म्हणजे पुन्हा देवीच करत असे. नीरा देवी होत नाही. तिला घाम येतो, ती दमते, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरात उठते.

केशवराव दाते यांच्या काकासाहेबांविषयी न लिहिणे अन्यायाचे होईल. त्यांनी म्हाताऱ्याला खलनायक केले नाही. स्वतःची चूक हळूहळू उमगत जाणारा, शरमिंदा होणारा माणूस त्यांनी उभा केला. काकासाहेबांच्या मुलीची, समाजसेविका सुशीलेची, भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजपे यांची ही कन्या प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रसाराचे काम करत होती. अखेर काकासाहेब आत्महत्या करून नीराला मोकळे करतात. माझ्या मते हा शेवट पळवाट आहे. नकार देणाऱ्या मुलीची सुटका पुन्हा म्हाताऱ्याच्याच औदार्यावर सोपवली गेली. तरी त्याआधीच्या दोन तासांत जे घडले ते पुसले जात नाही.

आता कोणालाही वाटेल की अशा भूमिकेनंतर शांता आपटेला आणखी नीरा मिळाल्या असतील. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘गोपाळकृष्ण’ काढला. त्यात ती पुन्हा राधा होती. आणि कृष्ण कोण? राम मराठे, पुढे संगीताच्या दुनियेत मोठे झालेले तेच. तेव्हा ते चौदाच्या आसपासचे. ‘श्यामसुंदर’च्या वेळी शाहू मोडक ज्या वयाचा होता, त्याच वयाचा नवा कृष्ण आला होता. कृष्ण बदलता येतो, राधेने मात्र जागच्या जागी उभे राहायचे. ‘गोपाळकृष्ण’ सुंदर चित्रपट आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण ‘कुंकू’ला एक वर्षही झालेले नसताना त्या मोरपिसांत परत जाताना तिला काय वाटले असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

मग १९३९ उजाडले.

त्या साली प्रभातमध्ये शांतारामबापू ‘माणूस’ करत होते, हिंदीत ‘आदमी’. देवदासासारख्या प्रेमभंगात झिजून मरणाऱ्या नायकांना दिलेले ते उत्तर होते: प्रेम हरले तरी माणसाने जगायचे असते. नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई. वेश्यावस्तीवरच्या छाप्यात तो मैनाला वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला आपल्या आईच्या घरी न्यायला निघतो. या गणपतसाठी प्रभातने निवडला एकवीस वर्षांचा शाहू मोडक.

ही निवड किती अचूक होती ते चित्रपट पाहिल्याशिवाय कळणार नाही. ज्या चेहऱ्याकडे लोक हात जोडून पाहत, तोच चेहरा आता खाकी गणवेशात बदनाम गल्लीत उभा होता. त्याचा निरागसपणा शांतारामांनी पुसला नाही, वापरला. गणपत भाबडा आहे, लाजतो, अडखळतो, आईपुढे लहान होतो. म्हणूनच तो मैनाच्या जगात शिरतो तेव्हा आपल्याला भीती वाटते. माझ्या दृष्टीने चित्रपटाचा प्राण मैना, म्हणजे शांता हुबळीकर, आहे. बहुभाषी गाण्याचा सुप्रसिद्ध प्रसंगही तिचा आहे. पण तिचे तेज दिसते कारण समोरचा नट ऐकतो आहे. ऐकण्याचा अभिनय हा सर्वांत कमी टाळ्या मिळवणारा अभिनय. गोंडस मुलाला तो करावा लागत नाही, सगळे त्याच्याकडेच पाहत असतात. शाहूने इथे दुसऱ्याकडे पाहिले. मैना तुरुंगात जाते, गणपत मोडतो, मरता मरता सावरतो आणि कामावर परततो. ‘माणूस’नंतर शाहू मोडक हा ‘श्यामसुंदरमधला मुलगा’ राहिला नाही.

त्याच वर्षी, जुलै महिन्यात, शांता आपटेने प्रभातच्या फाटकाशी उपोषण सुरू केले.

वाद कराराचा होता. प्रभातमध्ये कलावंत महिना पगारावर असत. कोणते काम मिळेल, केव्हा मिळेल, बाहेर काम करता येईल की नाही, हे कंपनी ठरवी. त्यात प्रभातचे काही वेगळे नव्हते, जगभर स्टुडिओ असेच चालत. लंडनच्या न्यायालयात १९३६ मध्ये बेट डेव्हिस आपल्या वॉर्नर ब्रदर्सच्या कराराविरुद्ध लढली आणि हरली. जॅकी कूगन, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो गोड मुलगा, मोठा झाल्यावर त्याला कळले की लहानपणी कमावलेली संपत्ती घरच्यांनीच उडवली. १९३८ मध्ये तो आई आणि सावत्र वडिलांविरुद्ध न्यायालयात गेला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा झाला. म्हणजे ज्या वर्षी पुण्यात हे घडत होते, त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न विधिमंडळात पोचला होता: ज्या कोवळ्या चेहऱ्यावर सगळे कमावतात, त्याची त्या कमाईवर मालकी किती?

बेट डेव्हिसने न्यायालय निवडले, कूगनने न्यायालय निवडले. शांता आपटेने उपोषण निवडले. आपण पुण्यात आहोत हे विसरू नका. ज्या वर्षी ‘श्यामसुंदर’ आला त्याच वर्षी, सप्टेंबर १९३२ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण केले होते आणि पुणे करार झाला होता. १९३९ च्या मार्चमध्येच त्यांनी राजकोटला पुन्हा उपोषण केले होते. अन्न सोडून दारात बसणे म्हणजे काय, हे शहरातल्या पोरासोरांनाही कळत होते. राजकीय लढ्याची ती भाषा एका नटीने कामाच्या ठिकाणी आणली. मागणी स्वराज्याची नव्हती, नोकरीतल्या हक्काची होती. मला ही त्या दशकातली विलक्षण घटना वाटते, आणि तिला आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळही नाही.

उपोषण संपले, शांता आपटे प्रभातमधून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, तिचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. नावावरून वाटते की सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना ताईने केलेला उपदेश असेल. आत आहे ते वेगळेच. चित्रपटाचा धंदा कसा चालतो, पैसा कोण घालतो, राबतो कोण, दमतो कोण, याची ती उस्तवार करते. नटी म्हणजे श्रम करणारी व्यक्ती, ही भूमिका ती मांडते. पडद्यावरच्या नीराचे संवाद दुसऱ्यांनी लिहिले होते, या पुस्तकाची लेखिका ती स्वतः आहे. ‘सन्माननीय अभिनेत्री’ हा प्रवास मी ‘कुंकू’पाशी संपवत नाही तो यामुळे.

पण मान मिळाला का? शाहू मोडकांची वाट पाहा. ‘माणूस’नंतर प्रभातने त्यांना १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर केले. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट महाराष्ट्राने देव्हाऱ्यात ठेवला. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा आधी कृष्ण आणि मग ज्ञानोबा झाला आणि वारकऱ्यांनी त्याला आपला मानले, ही आपल्या समाजाविषयी सांगण्यासारखी चांगली गोष्ट आहे. शाहूंना आदर मिळाला, भरभरून मिळाला. ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) ते भरत झाले. पण कृष्ण त्यांना सोडेना. आयुष्यभरात एकोणतीस वेळा त्यांनी कृष्ण केला असे म्हणतात. गणपत शिपाई एकदाच केला. लोकांना जो शाहू हवा होता तो त्यांनी पुन्हा पुन्हा मागितला आणि शाहूंनी तो न कुरकुरता दिला. १९९३ मध्ये ते गेले तेव्हाही आठवण निघाली ती बासरीचीच.

शांता आपटेची वाट वळणावळणाची. १९४१ मध्ये ती मद्रासला तमिळ ‘सावित्री’ झाली. त्यासाठी ती तमिळ शिकली, आणि त्या चित्रपटात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ मध्ये ती लाहोरला पांचोळींच्या ‘जमीनदार’मध्ये होती. पुणे, मद्रास, लाहोर: एका मराठी नटीने तीन वर्षांत अखंड हिंदुस्थानचा असा नकाशा आखला. तिला कामाची वानवा नव्हती. पण नीरासारखी भूमिका पुन्हा आली नाही, आणि तिच्याविषयीच्या आठवणींत ‘तापट’, ‘हट्टी’ ही विशेषणे अभिनयाच्या आधी येतात. करार मोडणाऱ्या विठ्ठलला इतिहास धडाडीचा म्हणतो, त्यात जिनांचे नाव असल्याने त्याला वजनही येते. कराराविरुद्ध बसलेल्या शांतेला तो स्वभावाने वाईट ठरवतो. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून विशेषणे कोणी लावली हे तपासणे आपले काम आहे, नाही का?

१९४६ च्या मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त ती होती. त्यात एका लहानशा भूमिकेत सतरा वर्षांची एक सडपातळ मुलगी होती, तिने शांता आपटेसोबत गाणेही गायले. ती मुलगी लता मंगेशकर. तीन वर्षांनी ‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापले जाणार होते आणि पुढे हीच मुलगी गायकांच्या मानधनातील हिश्श्यासाठी, रॉयल्टीसाठी, मोठ्या मोठ्यांशी भांडणार होती. स्वतः गाणाऱ्या नटीचा काळ मात्र ‘सुभद्रा’पर्यंत जवळपास सरला होता. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांता आपटे मुंबईत वारली.

हा धागा लिहिण्यापूर्वी मी चांद्याला घरी आजीला ‘कुंकू’ फोनवर दाखवला. तिने दूरदर्शनवर ‘संत ज्ञानेश्वर’ पाहताना पूर्वी हात जोडलेले मला आठवतात, त्यामुळे शाहू मोडक तिच्या ओळखीचे. शांता आपटे नव्हती. छडीचा प्रसंग तिने दोनदा लावायला सांगितला. मग मी तिला उपोषणाची हकिकत सांगितली, आणि हेही सांगितले की पहिल्या चित्रपटात तिचा कृष्ण झालेला मुलगा त्याच वर्षी त्याच स्टुडिओत काम करत होता.

आजी बराच वेळ गप्प होती. फोन माझ्या हातात परत देत तिने विचारले, “मंग त्यो किसनदेव? त्यो गेला व्हता का फाटकापाशी तिला भेटाया?”